नजराणा कुणी भरायचा

घर बघायला गेलो तेव्हा मी एकच गोष्ट विचारली. "पिलरचं आहे का?"

ज्ञानोबा सोनकांबळे हसले नाहीत. लातुरात या प्रश्नाला कुणी हसत नाही. ते मला पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात घेऊन गेले, बोटाच्या पेराने गिलाव्यावर ठोकलं आणि म्हणाले, "ऐक. ह्या पुढच्या दोन खोल्या पिलरच्या. भूकंपानंतर बांधल्या, पीएफचं पैसं काढून. मागची खोली न् सैपाकघर भिंतीवरचं हाय, वर पत्रा. खोटं कशाला सांगू?"

त्या शेवटच्या वाक्यावर मी घर पसंत केलं.

माझं माहेर औशाकडचं. घर माळवदाचं होतं, लाकडी तुळयांवर हातभर माती. उन्हाळ्यात एवढं गार की पाहुणे उठायचं नाव घेत नसत. भूकंपाच्या वेळी मी तिसरीत होते. आदल्या रात्री गणपतीची मिरवणूक बघत बसले आणि उशिरा आले, म्हणून अब्बांनी रागावून माझी बाज अंगणात टाकली. पहाटे ती हातभर माती खाली आली. मुक्कामाला आलेली नानी आणि धाकटी खाला, म्हणजे मावशी, एकाच कोपऱ्यात सापडल्या. तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की आधी वर बघते, मग कोपरे बघते, मग दार कुठे आहे ते बघते. बी.ए. झाले, लग्न झालं, तूबा झाली, ही सवय काही गेली नाही. तूबा दोन वर्षांची होईपर्यंत आम्ही भाड्याच्या जुन्या घरात होतो आणि तिला मी कायम दाराजवळ झोपवलं.

मकसूदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, क्लासेसच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे. बारावीच्या आणि मेडिकलच्या पोरांच्या नोट्स दिवसभर छापायच्या, स्पायरल मारायचे. दुकान चांगलं चालत होतं म्हणून घराची हिंमत केली. घर शहराच्या कडेला, जिथे पूर्वी वेगळं गाव होतं आणि आता गल्लोगल्ली 'मुलींसाठी रूम मिळेल' अशा पाट्या आहेत, तिथे. ज्ञानोबाकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मुलगी लुंबिनी नांदेडला दवाखान्यात नर्स. म्हातारपणी तिच्याजवळ राहायचं म्हणून विकून निघाले होते. खरेदीखत झालं, कुणी अडवलं नाही. जाताना सरजाबाईंनी, म्हणजे काकूंनी, तुळशीचं रोप बरोबर नेलं आणि कढीपत्त्याचं झाड मला दाखवून म्हणाल्या, "ह्येला पाणी घाल माय. मुळं लई खोल हायेत, नेता येईना."

पुढच्या खोलीत, पिलरच्या कोपऱ्यात, मी तूबाची गादी घातली. मी स्वतः लहानपणापासून अशी झोपले नव्हते.

मग नाव लावायला गेलो आणि तलाठ्याने आमच्याकडे असं बघितलं की मी तूबाला दुसऱ्या कडेवर घेतलं. नाव लागणार नाही म्हणाला. थोड्या दिवसांनी प्रांतसाहेबांच्या कचेरीतून नोटीस आली. जमीन वतनाची होती. जुन्या काळी गावाची चाकरी करणाऱ्यांना दिलेली. पुढे सरकारने ती त्यांच्याच वारसांच्या नावाने कायम केली, पण एका शर्तीवर, की परवानगीशिवाय विकायची नाही. ती शर्त मोडली होती. जमीन सरकारजमा का करू नये, याचा खुलासा सुनावणीच्या तारखेला करा, असं लिहिलं होतं.

जमीन सरकारजमा म्हणजे वरचं घरही गेलं. पिलरसकट.

मल्लिकार्जुन वकील मूळचे निलंग्याचे. त्यांच्या टेबलावर फायलींपेक्षा पानाचा डबा मोठा. त्यांनी नोटीस वाचली आणि म्हणाले, "घाबरू नका वहिनी. दर महिन्याला अशी दोनचार येतात माझ्याकडे. नजराणा भरला की नियमित करून देतात."

मला खरंच हसू आलं. आमच्यात नजराना म्हणजे तूबाच्या कानात अजान दिली तेव्हा सासऱ्यांनी मौलवीसाहेबांपुढे रुमालात ठेवून जे धरलं ते. "नजराणा कुणाला? प्रांतसाहेबांना?"

"सरकारला हो! सायबाला दिली ती लाच, सरकारला दिला तो नजराणा. ह्याला चलन असतं, पावती मिळते. निजामाचा शब्द आहे, निजाम गेला, शब्द ठेवून गेला." पान जुळवता जुळवता त्यांनी आकडा सांगितला. घराच्या किमतीचा मोठा लचका होता तो. त्यावर विनापरवाना विकल्याचा दंड, थोडका. त्यावर त्यांची फी.

मकसूद खुर्चीत मागे टेकले. "आमची काय चूक साहेब? विकणाऱ्याने सांगायला पाहिजे होतं."

"बरोबर. फसवणुकीची केस टाकू शकता. पण ती चालेल वर्षानुवर्षं, आणि घर वाचेलच असं नाही. त्यापेक्षा मूळ मालकाची सही आणा, की नजराणा आणि दंड भरून नियमित करायला आमची हरकत नाही म्हणून. त्याची सही असली की माझं काम अर्धं झालं. तो उलटा गेला तर मात्र अवघड आहे."

वकिलांच्या जिन्यातूनच मकसूदनी ज्ञानोबाकाकांना फोन लावला. मी बाजूला उभी होते, खुणेने म्हणत होते, हळू बोला. आधी नीट चाललं होतं. नजराणा शब्द आला तशी तिकडून काहीतरी चढ्या आवाजात ऐकू आलं. मकसूदचाही चढला. "काका, सरकारनं फुकटात दिलेली जमीन, आमच्याकडून पुरे पैसे घेतले, मग सांगता आलं नाही?"

फोन तिकडून ठेवला गेला.

"आता केसच टाकतो," मकसूद म्हणाले. रात्री जेवताना मी म्हणाले, "मी जाऊन येते नांदेडला."

"तुम जाके क्या करोगी? मेरा नहीं सुने, तुम्हारा सुनेंगे?"

"तुम्ही फुकट म्हणालात त्यांना."

"गलत बोला क्या?"

चूक की बरोबर मलाही माहीत नव्हतं. पण ज्या माणसाने न विचारता पत्र्याची खोली दाखवली, तो मुद्दाम लपवेल हे मला पटत नव्हतं, आणि तारीख जवळ येत होती. वकिलांकडून टाईप केलेली संमती घेतली आणि सकाळची एसटी धरली. अहमदपूर येईपर्यंत तूबा खिडकीत नाचली, लोह्याच्या पुढे मांडीवर झोपली. ती झोपली की मी नोटीस काढून वाचायची, पुन्हा पर्समध्ये ठेवायची. पाठ झाली होती तरी.

लुंबिनीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. ती ड्यूटीवर गेलेली. दार सरजाबाईंनी उघडलं आणि मला बघून आधी तूबालाच उचललं. "अगं माय, केवढी झाली! बस. चहा ठिवते." गॅलरीत तुळस होती, डब्यात लावलेली.

ज्ञानोबाकाका पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली घेतला नाही. "तुझ्या मालकानं पाठवलं?"

"नाही काका. ते नकोच म्हणत होते."

"केस टाकणार म्हणं."

"म्हणतात तसं."

"टाका. मी काय पळून चाललो नाही."

सरजाबाई सैपाकघरातून म्हणाल्या, "पोर कडेवर घिऊन एवढ्या लांब आली ती, जरा सुदं बोला की!" मग माझ्याकडे बघून, "ह्यांचंच चुकलंय माय. इकायच्या आधी गेलते की कचेरीत इचारायला. तिथल्या पोरानं सांगितलं, नजराणा भरा काका, मग परवानगी. तर ह्यांनी काय करावं? तिथं भिंतीवर बोर्ड हाय ना, लाच देणं घेणं गुन्हा हाय म्हणून, तो मोठ्यानं वाचून दाखीवला त्या पोराला. समद्या कचेरीसमोर! न् आले घरला छाती फुगवून, परवानगी म्हंजे निस्ता पैसं खायचा बहाणा म्हणत."

मला हसू आवरलं नाही. काकांच्या पेपरमागेही काहीतरी हललं.

"काका, ती लाच नव्हती," मी म्हणाले. "सरकारी रक्कम असते. चलन भरायचं, पावती मिळते."

"माहीत हाय. लुंबिनीनं समजावलं नंतर." त्यांनी पेपर खाली ठेवला, घडी घातली, घडीवरून हात फिरवला. "लाच नव्हं. पटलं मला. तरी देणार नाही."

"का पण?"

तूबा काकांच्या चपला घालून खोलीभर फट फट करत फिरत होती.

"तुझा मालक म्हणाला, फुकटात मिळालेली जमीन. माझा आजा त्या गावाचा येसकर होता. रात रात जागून गाव राखायचा. मेलेलं ढोर ओढायचा. कुणी मेलं तर सांगावा घेऊन ऊनपाऊस न बघता चालत जायचा, पार उदगिरापर्यंत. त्याच्या बदल्यात ती जमीन. आन निजामाचा अंमलदार गावात आला की पाटील त्याला नजराणा द्यायचा. तूप, कोंबड्या, कापड. द्यायचा पाटील, पण डोक्यावर कोण न्यायचं? माझा आजा. चावडीपर्यंत न्यायचा, पायरीखाली ठिवायचा, न् मागं सरून उभा राहायचा. वर चढायची परवानगी नव्हती त्याला. माझ्या बापानं पोरपणी बघितलंय हे. मेला तोपर्यंत सांगायचा मला." ते थांबले. "त्या जमिनीचा नजराणा आमच्या डोक्यावरनं गेलेला हाय, पोरी. आता परत माझ्या सहीनं नजराणा? न्हाई. घर घ्यायचं तर सरकारनं घ्यावं."

घर घ्यायचं तर सरकारनं घ्यावं. ते ज्या घराबद्दल बोलत होते त्याच्या कोपऱ्यात माझ्या मुलीची गादी होती. मी रागवायला पाहिजे होतं. बसमध्ये मी जी जी वाक्यं जुळवून आणली होती, की खरेदीखतात तुमची हमी आहे, की वकील असं म्हणाले, ती माझ्याजवळ तशीच होती. पण येसकराच्या डोक्यावरच्या तुपाच्या घड्यापुढे ती मला काढता येईनात.

सरजाबाईंनी चहा आणला. तूबाला बशीत गार करून दिला.

"माझी नानी त्या भूकंपात गेली, काका," मी म्हणाले. मला हे बोलायचं नव्हतं. "मी पिलर बघून घर घेतलं. दुसरं मला काही समजत नाही. मी तुम्हाला नजराणा द्या म्हणायला आले नाही. तो आम्हीच भरू, कसाही. तुमची सही नसली तर मात्र आम्हाला भरूही देणार नाहीत."

"वाच," ते म्हणाले. "काय लिहिलंय ते वाच."

मी संमतीचा कागद काढून वाचला. सदर मिळकत, विनापरवाना हस्तांतरण, शर्तभंग, नियमानुसार नजराणा व दंड भरून घेऊन...

"थांब. दंड कशाचा?"

"परवानगी न घेता विकल्याचा."

"तो नजराण्यात धरलाय का येगळा?"

"वेगळा आहे. थोडा आहे तो."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. "माझ्या गाडीत कुणी बिनतिकिटाचा सापडला ना," ते म्हणाले, "तर मी कधी सोडलं नाही. पाव्हणा असला तरी नाही. एकदा तर हिचा भाऊच सापडला."

"फाडली त्येची पावती!" सरजाबाई म्हणाल्या. "समद्या गाडीसमोर! वरीसभर आमच्या घरला आला न्हाई त्यो."

"मग? चुकला तर दंड." ते माझ्याकडे वळले. "परवानगीशिवाय इकलं, ही माझी चूक. त्या पोराला नीट इचारलं असतं तर त्यानं समजावलं असतं. मी बोर्ड वाचत बसलो. दंड मी भरतो. माझ्या हातानं, माझ्या नावानं. त्यात कमीपणा नाही. नजराणा ज्याला घर पाहिजे त्यानं भरावा. तसं लिहिलं तर सही करतो."

मी मनातल्या मनात दोन्ही आकडे शेजारी ठेवले. दंड कुठे आणि नजराणा कुठे. हा न्याय नव्हता, निदान मकसूदला तो न्याय वाटणार नव्हता. पण तेवढंच त्यांना झेपत होतं, आणि पैशाविषयी मी हे म्हणत नाही.

"लिहा," मी म्हणाले.

त्यांनी कागदाच्या खाली, टाईप संपलं तिथे, कंडक्टरच्या तिरक्या बारीक अक्षरात एक ओळ लिहिली: दंड मी स्वतः भरीन, नजराण्याशी माझा संबंध नाही. मग सही केली. निघताना सरजाबाईंनी तूबाच्या मुठीत गूळ-शेंगदाणे कोंबले आणि विचारलं, "कढीपत्ता हाय ना?"

"हिरवागार आहे."

मल्लिकार्जुन वकिलांनी ती ओळ दोनदा वाचली. "असलं मी जन्मात पाहिलं नाही," म्हणाले. पण चालेल म्हणाले. प्रांतसाहेबांना चलनाशी मतलब.

सुनावणीच्या दिवशी ज्ञानोबाकाका पहिल्या गाडीने आले, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. साहेबांनी त्यांना काही विचारलंच नाही. कागद चाळले, दोन्ही रकमा भरा म्हणाले, पुढची फाईल ओढली. बाहेर चलन भरायच्या रांगेत काका आणि मकसूद पुढेमागे उभे होते. मी तूबाला घेऊन कट्ट्यावर. काकांनी दंड भरला, पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि मकसूदची पाळी आली तसे ते रांगेतून बाजूला झाले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नजराण्याचं चलन भरून होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मकसूद बाहेर आले. त्यांना माझ्याकडून काकांच्या आजोबांची गोष्ट कळली होती. "काका, उस दिन फोनपर..." मग मराठीत, "मी बोलून गेलो."

"पावती फाडली," काका म्हणाले. "आता गाडी पुढं जाऊ द्या."

गाडीला वेळ होता म्हणून ते घरी जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत जाऊन भिंतीवर हात ठेवला. तिथे वरपासून खालपर्यंत एक चीर आहे, चुना भरून बुजवलेली. "त्या पहाटे आम्ही ह्याच खोलीत होतो. ही चीर गेली. पडली न्हाई मात्र. मी न् हिनं हातानं बांधलेली, दिवसा ड्यूटी, संध्याकाळी इटा." मला काय विचारायचं होतं ते त्यांना न विचारताच कळलं असावं. "एवढंच सांगू शकतो. पडणारच न्हाई असं कसं म्हणू?"

नाव लागलं. उताऱ्यावर मकसूदचं आणि माझं, दोघांचं. वकिलांची उरलेली फी आणि नजराण्यासाठी घेतलेलं उसनं मात्र दुकानावर फिटणार नव्हतं. आम्ही दोघं बरेच दिवस हिशेब बदलून बदलून मांडत होतो आणि दर वेळी तो एकाच जागी येऊन थांबत होता. शेवटी मकसूद म्हणाले नाहीत, मीच म्हणाले. जूनमध्ये दारावर पाटी लावली. मुलींसाठी रूम मिळेल. पुढच्या दोन खोल्या.

पहिली आली ती जळकोटची. बारावी आणि मेडिकलची तयारी. तिची आई नागुबाई, डोक्यावर पदर, हातात धान्याची पिशवी. सामान दारातच ठेवून ती बाई आधी वर बघायला लागली. मग कोपऱ्यांकडे. मला तिला काही विचारावं लागलं नाही.

"पिलरचं हाय ना हो बाई?" ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई, पोर एकटी ऱ्हाणार."

"हाव. पिलरचं हाय." मी तिला कोपऱ्यात नेलं आणि बोटाच्या पेराने गिलाव्यावर ठोकून दाखवलं. तिने स्वतःही ठोकून बघितलं, मग पिशवी खाली ठेवली.

तोपर्यंत मी तूबाची गादी गुंडाळून काखेत घेतली होती. मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही कुठं झोपणार?"

"मागे."

"तिकडं पण पिलर हाय?"

नागुबाई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "तिकडे ज्ञानोबाकाकांची भिंत आहे."

मागच्या खोलीत जाऊन मी गादी टाकली. चिरेपासून लांब, दाराजवळ.